धडा : चाकाच्या बेअरिंगची रेस बदलताना



सातपुड्याच्या घाटरस्त्यांवर एकच ट्रक सकाळी धान्य पोहोचवतो, दुपारी विटा आणतो आणि रात्री वेळ पडली तर अडलेल्या बाईला घेऊन दवाखाना गाठतो. म्हणून चालकांनी आणि गॅरेजचे काम शिकणाऱ्या आपल्या मुलांनी हा धडा नीट वाचावा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या जुन्या ट्रकच्या पुढच्या चाकातून घूं-घूं असा आवाज येऊ लागला. आम्ही नवे बेअरिंग आणले. पण हबमध्ये ठोकून बसवलेली जुनी रेस काढायचा कंटाळा केला. ‘चालतेय की,’ असे म्हणून नवे रोलर जुन्या रेसवर चढवले. थोड्याच दिवसांत तोच आवाज परत आला. एकदा घाट उतरून थांबलो, तर हबला हात लावता येईना. चूक आमचीच होती. ती तुमच्याकडून होऊ नये.

रेस म्हणजे काय?

ट्रकच्या चाकात बहुधा निमुळत्या रोलरची दोन बेअरिंगे असतात, एक आतल्या बाजूला व एक बाहेरच्या. प्रत्येकाचे दोन भाग. आतली रेस, रोलर आणि त्यांची जाळी मिळून ‘कोन’. हबमध्ये घट्ट बसलेले बाहेरचे पोलादी कडे म्हणजे ‘कप’, म्हणजेच बाहेरची रेस. रोलर या दोन कड्यांमध्ये धावतात. एक कडे खराब असेल तर ते दुसऱ्यालाही खराब करते. म्हणून नियम एकच : कप आणि कोन जोडीनेच बदलावेत.

झीज कशी ओळखावी?

चाक उचलून वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर शंका घ्या. पण किंगपिन झिजला तरी चाक असेच हलते, तेही तपासा. हब उघडल्यावर कप रॉकेलने धुऊन, पुसून उजेडात धरा. बारीक खड्डे, सुटलेले पापुद्रे, रोलरच्या अंतरावर पडलेले वळ, किंवा तापून आलेला निळसर रंग दिसला, तर तो कप बाद. नख फिरवून पाहा. नख अडले तरी बादच. ओढ्यातून गाडी नेल्यावर सील खराब असेल तर पाणी आत शिरते, आणि गंजाचे डाग तिथूनच सुरू होतात.

जुनी रेस काढणे

१. गाडी सपाट जागी उभी करा. बाकीच्या चाकांना उटी लावा. जॅकने उचलून एक्सलखाली भक्कम घोडी द्या. नुसत्या जॅकवर विसंबून कधीही काम करू नका.

२. चाक, हबची टोपी, लॉक वॉशर आणि नट काढा. बाहेरचे बेअरिंग हातात घ्या, मग हब ओढा. ड्रम अडकला तर ब्रेक शू ढिले करा. ब्रेकची धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

३. ऑइल सील काढून आतले बेअरिंग बाहेर घ्या.

४. हबच्या आत कपच्या मागे खाचा असतात. तिथे पितळी गज टेकवून विरुद्ध बाजूने ठोका. एक ठोका इकडे, एक समोर. कप तिरका होऊ देऊ नका. डोळ्यांवर चष्मा हवाच. कडक पोलादाची कपची उडाली तर डोळा जातो.

खाचा नसतील तर काही कारागीर कपच्या आतून वेल्डिंगची रेघ फिरवतात. गार होताना कप आकसतो आणि सुटतो. हे अनुभवी वेल्डरचेच काम आहे, आणि ग्रीस पूर्ण पुसल्याशिवाय करू नये, आग लागते.

नवी रेस बसवणे

हबची बैठक पुसून बोटाने तपासा. कचरा किंवा उचललेली कड राहू नये. जुना कप हबमध्ये सैल फिरत असेल तर हबच झिजला आहे; पंचने टोचे मारून नवा कप अडकवू नका, हब बदला.

नवा कप काही वेळ बर्फात ठेवून कोरडा पुसला तर सहज बसतो. कपचे रुंद तोंड बाहेर, म्हणजे कोन ज्या बाजूने येणार तिकडे हवे. जुन्या कपला बाहेरून थोडे घासून आणि एक चीर पाडून तो नव्यावर टेकवा आणि त्यावर ठोका; चिरेमुळे तो आत अडकत नाही. आवाज बद्द आहे तोवर ठोकत राहा. टण्ण असा भरीव आवाज आला की कप तळाला टेकला. तरी खाचेतून पाहा; कप आणि बैठक यांच्यात पातळ पातेही शिरता कामा नये. अर्धवट बसलेला कप रस्त्यावर आणखी आत सरकतो आणि चाक ढिले पडते.

कोनच्या रोलरमध्ये तळव्याने दाबून ग्रीस भरा, नवे सील लावा आणि हब चढवा. हब फिरवत-फिरवत नट आवळा, मग ढिला करून गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे बसवा. अशा हबमध्ये साधारण ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर ढिलाई ठेवतात. ती डायल गेजने मोजतात. नट जास्त आवळला तर बेअरिंग जळते. लॉक वॉशर नवाच वापरा. ब्रेक शू ढिले केले असतील तर चाक चढवल्यावर ते पुन्हा जुळवून घ्या.

आठ-दहा किलोमीटर रिकामी गाडी चालवून दोन्ही हबजवळ हात धरून पाहा. एक दुसऱ्यापेक्षा फार गरम वाटला तर पुन्हा उघडा. घाटात माणसे बसवण्याआधी हे झालेच पाहिजे.

उजळणी

१. नवा कोन जुन्या कपवर का चढवू नये?
२. कप तळाला बसला हे कोणत्या दोन खुणांनी कळते?
३. तुमच्या गाडीच्या हबमध्ये ग्रीस शेवटचे कधी बदलले? आठवत नसेल तर या आठवड्यात हब उघडून पाहा.