जुना ट्रॅक्टर : जपावा की जुंपावा?

(द्वितीय वर्ष, बी. ए., अर्थशास्त्र)

प्रास्ताविक

ज्याच्या दारात बैलजोडी तो खरा शेतकरी, अशी आपल्या खेड्यांतून एके काळी समजूत होती. आज पुष्कळ घरांपुढे बैलांच्या जागी ट्रॅक्टर उभा दिसतो. तो नवाच असतो असे मात्र नाही. लहान शेतकऱ्याच्या वाट्याला बहुधा दुसऱ्याने वापरून सोडलेला, तीस-चाळीस वर्षांचा ट्रॅक्टर येतो. अशा यंत्राचे काय करावे? आठवण म्हणून जपावे, कामाला जुंपावे, की मोडीत घालावे? हा प्रश्न आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. परंतु मी प्रथम वर्षाला असताना तो आमच्या घरी आला, आणि त्यातूनच प्रस्तुत लेखाचा जन्म झाला.

सीना नदीच्या काठी आमची सात एकर काळी जमीन आहे. आजोबांनी जुना विकत घेतलेला एक बी-२७५ ट्रॅक्टर घरी आहे. त्या वर्षी हस्ताचा पाऊस उघडला, वाफसा आला, आणि मालदांडी पेरण्याच्या दिवशीच इंजिन तापून बंद पडले. भाड्याचा ट्रॅक्टर मिळेपर्यंत आठ दिवस गेले. तोवर ओल खाली उतरली आणि ज्वारी विरळ उगवली. दोष यंत्राचा नव्हता. रेडिएटरमध्ये आम्ही वर्षानुवर्षे बोअरचे खारे पाणी भरत आलो होतो.

दिवाळीत आण्णांपुढे तीन मार्ग होते : घरचा ट्रॅक्टर दुरुस्त करणे, शेजारच्या वाडीतील एच. एम. टी. २५११ घेणे, किंवा तालुक्याला विक्रीस असलेला मॅसी फर्ग्युसन १०३५ घेणे. ते मला म्हणाले, "बाई, तू कॉलेजात जातीस. हे समदं कागदावर मांडून दाव." आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. एवढ्या मोठ्या व्यवहारात माझे मत यापूर्वी कोणी विचारले नव्हते. म्हणून वही घेऊन, गावच्या मिस्त्रीकाकांना बरोबर घेऊन, मी तिन्ही यंत्रे पाहिली.

तीन यंत्रांची कुळकथा

भारतात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबाद येथे आयशरच्या कारखान्यातून बाहेर पडला. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत बहुतेक कारखाने परदेशी सहकार्याने उभे राहिले. अपवाद स्वराज ७२४ चा. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत तयार झाला आणि १९७४ साली तो पंजाबात बाजारात आला.

आमचा बी-२७५ मूळचा इंग्लंडमधील इंटरनॅशनल हार्वेस्टरचा. १९६३ साली महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली आणि मुंबईत कांदिवलीला हे यंत्र बनू लागले. इंजिन चार सिलिंडरचे, शक्ती सुमारे ३५ अश्वशक्ती, पुढे जाण्याचे आठ गिअर. थंडीत हीटर दिल्याशिवाय तो लवकर चालू होत नाही. पुढे आलेल्या २७५ डी. आय. मध्ये डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. म्हणून सुटा भाग मागताना नुसते 'दोनशे पंचाहत्तर' म्हणून भागत नाही, इंजिनाचा क्रमांक सांगावा लागतो.

एच. एम. टी. २५११ हा चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचा अवतार. हरियाणातील पिंजोर येथे १९७१ पासून एच. एम. टी. या सरकारी कंपनीने तो बनविला. दोन सिलिंडर, २५ अश्वशक्ती. याची बांधणी दणकट. वाडीतला तो ट्रॅक्टर अजून पहिल्याच सेल्फला चालू होतो. पण २०१६ साली केंद्र सरकारने एच. एम. टी. चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. याचे भाग पंजाब-हरियाणात अद्याप मिळतात, आमच्या तालुक्यात मात्र मागवावे लागतात.

मॅसी १०३५ चे कूळ हॅरी फर्ग्युसनपर्यंत जाते. अवजार मागे साखळीने ओढण्याऐवजी तीन दांड्यांवर जोडायचे आणि हायड्रॉलिकने उचलायचे, ही त्यांची पद्धत. नांगर कठीण जमिनीत अडला की वरच्या दांडीवर दाब येतो, हायड्रॉलिकला त्याची जाणीव होते आणि नांगर किंचित उचलला जातो. त्यामुळे भार मागच्या चाकांवर येऊन चाक जागीच फिरत नाही. म्हणून हलका ट्रॅक्टरही जड काम करतो. १९४६ ते १९५६ या काळात त्यांचा करडा टी. ई. २० इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्री येथे तयार होत होता. अशाच फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरून एडमंड हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोहोचले. चेन्नईच्या टॅफे कंपनीने १९६० पासून मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर भारतात आणले. १०३५ चे इंजिन तीन सिलिंडरचे असून शक्ती सुमारे ३५ अश्वशक्ती आहे. या नावाची यंत्रे आजही विकली जातात, त्यामुळे भागांची अडचण कमी.

परीक्षा कशी केली

मिस्त्रीकाकांनी शिकविलेल्या कसोट्या वाचकांनाही उपयोगी पडाव्यात. इंजिन थंड असतानाच चालू करून पाहावे. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवले असेल तर सावध व्हावे. ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी उतरते आहे. ब्रीदरच्या नळीतून जोराने धूर येत असेल तर रिंगा व लायनर झिजले आहेत. नांगर लिफ्टवर उचलून इंजिन बंद करावे. तो भराभर खाली बसला तर हायड्रॉलिक गळते आहे. पुढची चाके धरून हलवावीत, म्हणजे किंगपिनचा ढिलेपणा कळतो. शेवटी कागद पाहावेत. ट्रॅक्टरची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते. "ताई, हेड उघडल्याबिगर खरं कळत नाही," असे सांगण्यास मात्र काका विसरले नाहीत.

या परीक्षेत एच. एम. टी. चे इंजिन सर्वांत निरोगी ठरले. मॅसीची लिफ्ट उत्तम, पण क्लच गेलेला. आमच्या बी-२७५ चे हेड वाकलेले, लायनर झिजलेले. गिअरपेटी व लिफ्ट मात्र शाबूत.

दोन वेगळे माप

येथे मला एक गोष्ट उमगली. जुने यंत्र जपण्याचे माप आणि ते जुंपण्याचे माप एक नव्हे. जपायचे असेल तर मूळ पत्रा, मूळ बोधचिन्ह, मूळ डायनामो यांना किंमत आहे. दुर्मिळ असणे हाच तेथे गुण. एखाद्या भागासाठी सहा महिने थांबले तरी बिघडत नाही. या मापाने २५११ पहिला येईल. ज्याला हौस व सवड आहे त्याने तो अवश्य सांभाळावा. तो आपल्या औद्योगिक इतिहासाचा तुकडा आहे.

कामाच्या यंत्राला हा न्याय लागू पडत नाही. काळ्या रानातला वाफसा चार-पाच दिवसांचा. त्या दिवसांत यंत्र थांबले तर भाग किती रुपयांचा होता याला अर्थ उरत नाही, तो भाग किती दिवसांनी आला यालाच अर्थ असतो. अर्थशास्त्रात ज्याला संधी-व्यय म्हणतात, तो मला विरळ ज्वारीच्या तासांत दिसला. तेथे दुर्मिळ असणे हा दोष होय. जे यंत्र गावच्या मिस्त्रीला उघडता येते आणि ज्याचा भाग संध्याकाळपर्यंत मिळतो, ते थोडे कमी प्रतीचे असले तरी चांगले.

हिशेब

एच. एम. टी. ९०,००० रुपयांना मिळत होता. मॅसी १,७०,००० रुपये, क्लचचा खर्च निराळा. घरच्या यंत्राचे हेड, लायनर, पिस्टन, रेडिएटर आणि मजुरी मिळून काकांनी ६५,००० रुपयांचा अंदाज दिला. रोजच्या कामास मॅसी सर्वांत योग्य, असेच माझ्या वहीत निघाले होते. परंतु मॅसी घेतल्यास कर्ज तर काढावे लागलेच असते, शिवाय माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वसतिगृहाचे पैसेही त्यात गेले असते. मी तटस्थ नव्हते, हे लपवून हिशेब मांडणे अप्रामाणिक ठरले असते. म्हणून आण्णांना तेही मोठ्याने वाचून दाखविले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे बी लिहिलंस ते बरं केलंस. आपलाच नीट करू."

निष्कर्ष

वैशाखात, शेतात काम नसताना, इंजिन उघडले. खर्च अंदाजापेक्षा ७,००० रुपये अधिक झाला. आता रेडिएटरमध्ये खाऱ्या पाण्याऐवजी पागोळ्यांचे साठविलेले पाणी घालतो. ट्रॉली, पाळी आणि पेरणी तो करतो. खोल नांगरट उन्हाळ्यात भाड्याने करून घेतो, कारण तेव्हा घाई नसते. यंदा वाफसा आल्यावर तिसऱ्या दिवशी ज्वारी पेरून झाली.

सर्वांनी असेच करावे असे माझे म्हणणे नाही. ज्याची गिअरपेटी व लिफ्टही गेली आहे, त्याने दुरुस्तीच्या मोहात पडू नये. पण निवड करण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावे : हे यंत्र मला पाहण्यासाठी हवे आहे, की वाफशाच्या दिवसासाठी?

आमच्या ट्रॅक्टरला रंग मात्र दिलेला नाही. त्या पैशाचा रेडिएटर आला.