घरोघरी कॅमेरा

पवना नदीच्या काठी वसलेले पिंपळे सौदागर हे एके काळी शेतकऱ्यांचे लहानसे खेडे होते. आज तेथे उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. गणेशोत्सवात संध्याकाळी तेथील एखाद्या गृहसंकुलाच्या अंगणात जाऊन पाहावे. काही हात टाळ्या वाजवीत असतात, तर काही हात मोबाइल उंचावून आरतीचे चित्रण करीत असतात. आरती संपते न संपते तोच ते चित्रण गावाकडच्या आजीला आणि परदेशी गेलेल्या काकांना पोहोचलेले असते. आज आपणांस याचे नवल वाटत नाही. परंतु या सोयीमागे सव्वाशे वर्षांचा प्रवास आहे.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवण्यात आली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे मुंबईतील छायाचित्रकार ती चित्रे पाहून भारावून गेले. लोक त्यांना सावेदादा म्हणत. त्यांनी २१ गिनी मोजून लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये दोन मल्लांची कुस्ती चित्रित केली. पण फिल्म धुण्याची सोय येथे कोठे होती? ती लंडनलाच पाठवावी लागली! पुढे १९०१ साली रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजहून मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण सावेदादांनी केले.

त्या काळी कॅमेऱ्यातून दर सेकंदाला सुमारे एक फूट फिल्म सरकत असे. एक मिनिटाचे चित्रण म्हणजे साठ फूट फिल्म! म्हणून काय टिपावे आणि काय सोडावे, याचा विचार आधी करावा लागे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याचे बी रुजून त्याचे रोप कसे वाढते, हे ठराविक वेळाने एकेक चित्र घेऊन दाखवले. विषय साधाच, पण त्यामागची चिकाटी केवढी!

पुढे १९८० नंतरच्या काळात व्हिडिओ कॅसेट आली आणि लग्नमुंजींचे चित्रण होऊ लागले. तरी एका कॅसेटवरून दुसरी काढली, की चित्र थोडे पुसट होई.

डिजिटल कॅमेऱ्याने ही अडचण दूर केली. त्यात फिल्म नसते. भिंगातून आलेला प्रकाश सिलिकॉनच्या चिमुकल्या पट्टीवर पडतो. तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म घरे असतात. प्रत्येक घर आपल्यावरील प्रकाशाचे विजेत रूपांतर करते, आणि त्या विजेचे मोजमाप आकड्यांत साठवले जाते. अमेरिकेतील विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली अशी पट्टी शोधून काढली. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ साली स्टीव्हन सॅसन यांनी बनवलेल्या डिजिटल कॅमेऱ्याला एक चित्र नोंदवण्यास २३ सेकंद लागत. आजचा मोबाइल एका सेकंदात तीस चित्रे सहज टिपतो. शिवाय आकड्यांची नक्कल हुबेहूब उतरते. हजारावी प्रत पहिलीइतकीच स्पष्ट असते, आणि ती क्षणात जगाच्या पाठीवर कोठेही जाते.

मुलांनो, याच सामर्थ्यात एक धोकाही दडला आहे. अशी कल्पना करा, की उत्सवात एक मुलगी भाषण करता करता अडखळली. एका मुलाने ते टिपले आणि गंमत म्हणून चार मित्रांना पाठवले. त्या चौघांनी आणखी चाळिसांना पाठवले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी खेळायला आली नाही. मुलाला पश्चात्ताप झाला. त्याने आपल्या मोबाइलमधील चित्रण पुसून टाकले. पण इतरांकडील प्रती तो कशा पुसणार? सुटलेला बाण पुन्हा भात्यात येत नाही.

आता दुसरे चित्र पाहा. तोच मुलगा त्याच मोबाइलसमोर आपल्या आजोबांना बसवतो आणि विचारतो, “आजोबा, या इमारतींच्या जागी पूर्वी काय होते?” आजोबा शेतांविषयी, विहिरीविषयी, नदीच्या पुराविषयी बोलू लागतात. मुलगा आजोबांची अनुमती घेतो, चित्रणावर तारीख व स्थळ लिहितो आणि त्याची एक प्रत निराळी जपून ठेवतो. उद्या आजोबा नसतील, पण त्यांचा आवाज आणि आठवणी नातवंडांना भेटतील. यंत्र एकच; एका वेळी त्याने मन दुखावले, दुसऱ्या वेळी ठेवा राखला.

सावेदादांना फिल्मची किंमत जपून वागावयास लावीत असे. आपल्यापाशी आज चित्रणाला फारसा खर्च येत नाही; म्हणूनच आपला विवेक आपणच जागा ठेवला पाहिजे. कॅमेरा हाती घेणे सोपे झाले आहे. तो केव्हा खाली ठेवावा, हे ज्याला कळले, तोच खरा चित्रकार होय.

स्वाध्याय

१. सावेदादांना पहिले चित्रण करताना कोणती अडचण आली?
२. कॅसेटची नक्कल आणि डिजिटल नक्कल यांत कोणता फरक आहे?
३. ‘सुटलेला बाण पुन्हा भात्यात येत नाही,’ हे वाक्य पाठातील प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या वृद्ध व्यक्तीला विचारण्यासाठी पाच प्रश्न लिहा.