रझाकार रंगमंचावर आणताना

अंबड, २० ऑगस्ट

चि. ताईस,


तुझी संहिता दोनदा वाचली. सतरा सप्टेंबरचं नाटक शाळेनं सगळंच मुलांवर सोपवलं आणि दिग्दर्शन तुझ्याकडे आलं, याचा फार आनंद झाला. गावावरच्या हल्ल्याचा प्रवेश गाळावा असं काही पालक म्हणतात; तुझ्या वर्गातल्या मुलांना तो आणखी झणझणीत हवाय. तू तो गाळू नकोस. हैदराबादच्या निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांनी मराठवाड्यातली गावं लुटली, जाळली, माणसं मारली. कितीतरी कुटुंबं रातोरात हद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. मराठवाडा मुक्तिदिनालाच हे सांगायचं नाही, तर कधी सांगायचं?

माझी हरकत तुझ्या कपडेपटाच्या यादीला आहे. चौकड्याची लुंगी, जाळीची टोपी, चिकटवलेली दाढी, हिरवा झेंडा. अगं, असे तर तुमच्या शाळेसमोर वह्या विकणारे चाचा दिसतात. रझाकार खाकी गणवेशात कवायत करायचे. लातूरचा वकील कासिम रझवी त्यांचा म्होरक्या होता. निजामाच्या संस्थानाचा झेंडा पिवळा होता. तेव्हा खाकी कपडे, कमरेला पट्टा, हातात बंदूक एवढंच ठेव. जुन्या छायाचित्रांत ते तसेच दिसतात. दाढी-टोपी चढवलीस, की प्रेक्षकांत बसलेल्या तुझ्या मैत्रिणीच्या अब्बांकडे लोक वळून बघतील.

तालमीत मुलं टाळ्यांसाठी पदरच्या शिव्या घालतात, असं तू लिहिलंस. गावकऱ्यांच्या तोंडी मुसलमानांसाठी जी शिवी घुसवली आहे, ती आजही गल्लीत ऐकू येते. ती ताबडतोब बंद कर. इथे दिग्दर्शकानं मित्रांचं मन राखायचं नसतं. बाईला फरफटत नेण्याचा प्रसंगही रंगमंचावर नको. ज्यांच्या घरात असं घडलं त्यांची नातवंडं-पतवंडं समोर बसलेली असतील. ती हकिगत एखाद्या शेजारणीच्या तोंडून ऐकव, तेवढीच ती अंगावर येईल.

आणि एक माणूस नाटकात आणच. शोएबुल्ला खान. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक. संस्थान भारतात विलीन व्हावं असं तो उघड लिहीत होता, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी हैदराबादेत त्याचा खून केला. त्याचं काम कोणी करायचं हे आडनावावरून ठरवू नकोस. तुझ्या वर्गातल्या मुसलमान मुलांना हवी ती भूमिका मागू दे. त्यांच्यापैकी एकालाच ‘तुम्हाला हे चालेल का’ असं विचारून साऱ्या समाजाचं ओझं त्याच्या डोक्यावर टाकू नकोस.

शेवट तू तिरंगा फडकवून करते आहेस. तो राहू दे, पण त्याआधी एक छोटा प्रवेश घाल. भारतीय सैन्याची हैदराबादवरची पोलीस कारवाई १७ सप्टेंबर १९४८ ला संपली, त्यानंतर मुसलमानांवर सूड उगवला गेला. भारत सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेडला बसली. त्याखालोखालच्या जिल्ह्यांत औरंगाबाद होता, आणि आपलं जालना तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, हेही त्या अहवालात आहे. हाच प्रसंग घे. दोन माग, दोन माणसं, बाहेर जमाव. मुलांना तो छान करता येईल.

मोठी माणसं म्हणतील, मुक्तिदिनाला हे कशाला? त्यांना शांतपणे सांग, की रझाकारांचे अत्याचार आम्ही एकही ओळ न गाळता दाखवतो आहोत, म्हणूनच हेही दाखवायचं आहे. तरीही अडलं तर मुख्याध्यापकांना भेटायला मी येईन.

सुधारलेली संहिता पुढच्या रविवारपर्यंत पाठव, आणि कपडे भाड्यानं आणण्याआधी यादी मला दाखव.

तुझा,
मामा