समुद्री मासे सोडण्यापूर्वी टाकी मुरवा

नव्या टाकीत खारे पाणी भरून लगेच क्लाऊन मासे सोडल्यास ते बहुधा दगावतात. पाणी नितळ दिसले तरी विष्ठा व उरलेल्या खाद्यातून विषारी अमोनिया साचतो. शेतजमिनीप्रमाणे टाकीतही जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. मात्र हे जिवाणू पुरेसे वाढण्यास साधारण ४ ते ६ आठवडे लागतात.

त्यासाठी क्षारता दर हजारी ३० ते ३५ भाग ठेवावी. गाळणी व हवेचा पंप अखंड चालवावा. कोळंबीचा लहान तुकडा पाण्यात कुजू द्यावा; त्यातील अमोनियावर जिवाणू पोसतात. अमोनिया व नायट्राइट वाढून दोन्ही शून्यावर उतरल्यावरच थोडे पाणी बदलून प्रथम एक-दोन मासे सोडावेत.