‘पहिला’ म्हणजे कशातला?



आपल्या शाळेत दरवर्षी सामान्य ज्ञानाची परीक्षा होते. तीत इतिहास, शास्त्र, खेळ व करमणूक ह्या चारही प्रांतांतील प्रश्न असतात, आणि ते काढण्याचे काम बहुधा आमच्याकडे येते. गेल्या वर्षी ह्या कामात आमच्या हातून एक चूक घडली. तिची हकीकत आधी सांगावी व मग आजच्या विषयाकडे वळावे, असे आम्हांस वाटते.

प्रश्न असा होता: “ऑलिंपिक सामन्यांत भारताला पहिले वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिले?” आम्हांस अपेक्षित असलेले उत्तर ‘खाशाबा जाधव’ हे होते. इयत्ता आठवीतील एका मुलीने ‘नॉर्मन प्रिचर्ड’ असे लिहिले. आम्ही त्यावर फुली मारली, आणि केवळ एका गुणाने तिचे पारितोषिक हुकले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आमच्यापुढे उभी राहून हळूच म्हणाली, “सर, सन १९०० मध्ये भारताला पदक मिळाले नव्हते का?”

आम्ही पुस्तके उघडून पाहिली. कलकत्त्यास जन्मलेल्या प्रिचर्ड यांनी १९०० साली पॅरिस येथे दोनशे मीटरची धाव व दोनशे मीटरची अडथळ्यांची शर्यत ह्या दोहोंत रौप्यपदके मिळविली, व ती भारताच्या नावावर मांडली जातात. खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक होय. म्हणजे आमच्या प्रश्नातून ‘स्वतंत्र’ हा एकच शब्द गळला होता! चूक मुलीची नव्हती, प्रश्नकर्त्याची होती. प्रार्थनेच्या वेळी सर्व शाळेसमोर आम्ही ती कबूल केली आणि तिचा गुण व पारितोषिक तिला दिले.

ह्या दुरुस्तीने खाशाबांचे मोठेपण तिळभरही कमी होत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा हा मल्ल लोकांनी दिलेल्या वर्गणीच्या बळावर परदेशी गेला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर त्यासाठी आपले घर गहाण टाकले. तसेच प्रिचर्ड यांचे चरित्रही मोठे नवलाचे आहे. हा धावपटू पुढे नॉर्मन ट्रेव्हर ह्या नावाने अमेरिकेतील मूकपटांत नट म्हणून प्रसिद्धीस आला.

ह्यावरून आम्ही एक धडा घेतला. ‘पहिला’, ‘सर्वांत उंच’, ‘एकूण किती’ हे शब्द एकटे कधी उभे राहत नाहीत. त्यांस सोबतीला दुसरा एखादा शब्द लागतोच. तो सोबती विसरला की खरे उत्तरही खोटे ठरते. आणखी काही उदाहरणे पाहू.

भारतातील पहिला चित्रपट कोणता? ‘राजा हरिश्चंद्र’, असे तुम्ही तत्काळ म्हणाल. दादासाहेब फाळके यांचा हा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. स्त्रिया पडद्यावर येण्यास तयार नसल्यामुळे त्यात तारामतीचे काम अण्णा साळुंके ह्या पुरुषाने केले. परंतु त्याच चित्रगृहात आदल्या वर्षी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखविला गेला होता. तो रंगभूमीवरील नाटकाचेच चित्रण असल्यामुळे पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाचा मान फाळक्यांस दिला जातो. येथे ‘पूर्ण लांबीचा कथापट’ हा सोबती होय.

भारतात रेल्वे प्रथम केव्हा धावली? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास, एकवीस मैल. चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे त्या गाडीत होते. पण त्यापूर्वी १८३७ साली मद्रासजवळ रेड हिल्स येथे दगड वाहून नेणारी रेल्वे चालू झाली होती. सबब ‘प्रवाशांची’ हा शब्द गाळून चालत नाही.

शास्त्रातही हाच न्याय. एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर असल्याचे नेपाळ व चीन यांनी २०२० साली जाहीर केले. ही उंची समुद्रसपाटीपासूनची. दक्षिण अमेरिकेतील चिंबोरासो पर्वत समुद्रसपाटीपासून केवळ सुमारे ६,२६३ मीटर उंच आहे. पण पृथ्वी विषुववृत्ताशी फुगीर आहे. तेथील तिची त्रिज्या ध्रुवाकडील त्रिज्येहून सुमारे एकवीस किलोमीटरांनी अधिक भरते. चिंबोरासो त्या फुगवट्यावर, विषुववृत्तानजीक उभा आहे. म्हणून पृथ्वीच्या मध्यापासून मोजले, तर त्याचे शिखर एव्हरेस्टहून सुमारे दोन किलोमीटर दूर जाते!

कधी कधी उत्तरास काळाची सोबत लागते. १९३० साली प्लूटोचा शोध लागला, आणि त्याचे नाव ऑक्सफर्ड येथील व्हेनेशिया बर्नी ह्या अकरा वर्षांच्या मुलीने सुचविले. पुढे पाऊणशे वर्षे शाळांतून ‘ग्रह नऊ’ असेच शिकविले गेले. ऑगस्ट २००६ मध्ये ज्योतिर्विदांच्या आंतरराष्ट्रीय संघाने ग्रहाची व्याख्या निश्चित केली. प्लूटो बटुग्रह ठरला व ग्रह आठ उरले. तेव्हा तुमच्या वडिलांनी नऊ ग्रह सांगितले, तर त्यांस हसू नका. त्यांच्या शाळेत ते उत्तर बरोबरच होते.

मुलांनो, उत्तर पाठ करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारीत जा: कशातला? कोठून मोजलेला? केव्हाचा? ह्या तिहींची उत्तरे मिळाली म्हणजे माहितीचे ज्ञान होते.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलाचे उत्तर आपल्या उत्तराहून निराळे आले, तर ‘चूक’ म्हणण्यापूर्वी ‘हे कोठे वाचलेस?’ असे त्यास विचारावे. आम्ही त्या मुलीस तसे विचारले असते, तर तिची एक रात्र दुःखात गेली नसती.

यंदाची प्रश्नपत्रिका तयार झाल्यावर आम्ही अशा प्रत्येक शब्दाखाली तांबड्या शाईने रेघ ओढली. पन्नास प्रश्नांपैकी सात आम्हांस बदलावे लागले.