पुदिना, जिरं आणि मतपत्रिका

आजचं वाचन : मत्तय २३:२३-२६
(सामान्यकाळाचा २१ वा आठवडा, मंगळवार)



आजचं शुभवर्तमान ऑगस्टच्या शेवटी येतं आणि मला ताईचा एक फोन आठवतो.

येशू परुश्यांना सुनावतोय. ही मंडळी इतकी काटेकोर की पुदिना, शेपू, जिरं यांचाही दहावा हिस्सा मोजून देवाला देत. पण न्याय, दया आणि विश्वास या वजनदार गोष्टी त्यांनी बाजूला सारल्या होत्या. इथपर्यंत आपण सगळे मान डोलावतो. पुढचं मात्र घाईत वाचून जातो. येशू असं म्हणत नाही की जिऱ्याचं सोडून द्या. तो म्हणतो, वजनदार गोष्टी करायच्याच होत्या, आणि त्या करताना बाकीच्याही सोडायच्या नव्हत्या.

म्हणजे एका दमात दोन गोष्टी. पहिली, सगळ्या गोष्टींचं वजन सारखं नसतं. दुसरी, एकीचं वजन जास्त आहे म्हणून बाकीच्या टाकून द्यायची सूट मिळत नाही.

ताईचा प्रश्न

माझी मोठी बहीण अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात नर्स आहे. २०२४ साली तिला तिथलं नागरिकत्व मिळालं आणि नोव्हेंबरमध्ये ती पहिल्यांदाच राष्ट्राध्यक्षपदासाठी मत देणार होती. एका रविवारी मिस्सा संपवून ती बाहेर आली, तर गाडीच्या काचेवर पत्रक. मथितार्थ असा, की गर्भपाताला पाठिंबा देणाऱ्या उमेदवाराला मत देणारा कॅथलिकच नाही. त्याच संध्याकाळी प्रार्थना गटातल्या मैत्रिणीचा मेसेज : स्थलांतरितांना हाकलून देऊ म्हणणाऱ्याला मत देणारा ख्रिस्ती कसला?

ताईने मला फोन केला. "अरे, तू रोज चिंतन लिहितोस ना? मग सांग, मी मत कुणाला देऊ?"

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. म्हटलं, सोपं आहे. एकच कंडिशन तपास. उमेदवार गर्भपाताच्या बाजूचा आहे का? असेल तर बाद.

"आणि दुसरा? तो आपोआप पास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरं सांगायचं तर माझी ती कंडिशन पुस्तकी नव्हती. आमच्या लेकीच्या वेळी अठराव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत तिच्या हृदयात दोष दिसला. डॉक्टरांनी शांतपणे दोन्ही वाटा सांगितल्या. कायद्याची मुदत तेव्हा २० आठवड्यांची होती, म्हणजे हातात पुरते दोन आठवडेही नव्हते. आम्ही 'नाही' म्हणालो. ज्या जोडप्यांनी वेगळा निर्णय घेतला त्यांच्यावर दगड उचलायला मी हे लिहीत नाही. ते दिवस काय असतात ते मला माहीत आहे. ताईचा फोन आला तेव्हा लेक पाच वर्षांची होती आणि बाजूच्या खोलीत गाणं लावून नाचत होती. म्हणून माझ्यासाठी हा 'एक मुद्दा' कधीच नव्हता.

पण ताईचा प्रश्न खराच होता. मग मी बसून वाचायला घेतलं.

१. ख्रिस्तसभा गर्भपाताला वेगळं वजन का देते?

कारण सरळ आहे. स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या निरपराध जीवाला जाणूनबुजून संपवणं हे कोणत्याही परिस्थितीत चूकच, असं ख्रिस्तसभा मानते. करांचा दर किती असावा, सीमेवरचे नियम कसे असावेत, यावर दोन प्रामाणिक कॅथलिकांची मतं वेगळी असू शकतात. इथे तसं नाही. कार्डिनल राटझिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांनी २००४ साली अमेरिकन बिशपांना पाठवलेल्या टिपणात हा फरक स्पष्ट केला होता : युद्ध किंवा मृत्युदंड यांच्या बाबतीत कॅथलिकांमध्ये मतभेदाला जागा असू शकते, गर्भपात आणि दयामरण यांच्या बाबतीत नाही.

अमेरिकेतल्या बिशपांचं मतदारांसाठी एक मार्गदर्शक पत्रक आहे. ते २००७ साली आलं, नंतर वेळोवेळी त्यात भर पडली. २०१९ साली त्यासोबत जोडलेल्या पत्रात बिशपांनी गर्भपाताला सर्वांत अग्रक्रमाचा मुद्दा म्हटलं. कारणं तीन : हा घाव थेट जीवनावरच पडतो, कुटुंबाच्या कुशीत पडतो, आणि बळींची संख्या प्रचंड आहे.

२. मग बाकीच्या मुद्द्यांचं काय?

'अग्रक्रमाचा' या शब्दावरूनच त्या वर्षी बाल्टिमोरच्या सभेत बिशपांमध्ये वाद झाला. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली पवित्रतेवर एक पत्र लिहिलं होतं. त्यात ते म्हणतात की न जन्मलेल्या बाळाचं रक्षण ठामपणे आणि मनापासून केलंच पाहिजे. पण जन्मलेल्या गरिबाचं, टाकून दिलेल्याचं, म्हाताऱ्याचं, माणसांच्या व्यापारात विकलं गेलेल्याचं जीवनही तितकंच पवित्र आहे. शिकागोचे कार्डिनल क्युपिच यांचा आग्रह होता की हा परिच्छेद पुरता घ्या. बहुमताने तो फेटाळला गेला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गर्भपात हे गंभीर पाप आहे यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. भांडण वजनाचं नव्हतं, तर वजन सांगितल्यावर लोक बाकीचं ऐकणं बंद करतात का, याचं होतं.

शिकागोचेच कार्डिनल बर्नार्डिन यांनी हा धागा १९८३ सालीच उचलला होता. गर्भपात, अणुयुद्ध, मृत्युदंड, गरिबी, सगळीकडे जीवनाचा एकच सुसंगत विचार हवा, असं ते म्हणायचे. पुढे लोकांनी त्याला येशूच्या बिनशिवणीच्या अंगरख्याची उपमा दिली. टीकाकार म्हणाले, याने सगळं एकाच पातळीवर येतं आणि गर्भपाताचं गांभीर्य पातळ होतं. आक्षेपात तथ्य आहे. काहींनी त्या अंगरख्याचा उपयोग खरंच पांघरुणासारखा केला.

आपल्या भाषेत सांगू? बगच्या यादीत एखादं तिकीट 'पी-वन' असतं. म्हणजे ते आधी हाताळायचं. म्हणून बाकीची तिकिटं कुणी न बघता बंद करत नाही. आणि उलटही खरं : यादीत शंभर तिकिटं आहेत म्हणून पी-वन खाली ढकलायचं नसतं.

३. मत देताना आपण नेमकं काय करतो?

मला सगळ्यात जास्त मदत इथे झाली. कॅथलिक नीतिशास्त्र वाईट कृत्यातल्या सहभागाचे प्रकार पाडतं. उमेदवार गर्भपाताच्या बाजूचा आहे *म्हणूनच* त्याला मत दिलं, तर तो त्या वाईटात जाणीवपूर्वक सहभाग. ती भूमिका अजिबात मान्य नाही, पण इतर कारणांसाठी मत दिलं, तर तो दूरचा, अप्रत्यक्ष सहभाग. आणि त्याला तोलामोलाची कारणं असतील तर परवानगी असू शकते. हे २००४ च्या त्याच टिपणात आहे.

'तोलामोलाची' हा शब्द हलका नाही. माझा कर कमी होईल, माझ्या व्हिसाचं काम लवकर होईल, ही एका जीवाच्या तोलाची कारणं नव्हेत. बिशपांचं पत्रकही सांगतं की खरोखर गंभीर नैतिक कारणच हवं, पक्षप्रेम किंवा स्वार्थ नव्हे. पण तेच पत्रक दुसऱ्या बाजूलाही बजावतं : उमेदवार गर्भपाताच्या विरोधात आहे, एवढ्यावर इतर अन्यायांकडे डोळेझाक करू नका. आणि दोन्ही उमेदवार सदोष असतील तर? मत न देण्याचाही मार्ग आहे, किंवा जो कमी नुकसान आणि जास्त भलं करेल असं वाटतं त्याला मत देण्याचा.

आपल्या मताने प्रत्यक्षात काय बदलणार, हेही बघावं लागतं. १९७३ च्या निकालाने अमेरिकाभर गर्भपाताचा हक्क दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये रद्द केला. त्यानंतर बराचसा निर्णय राज्यांकडे गेला. कॅन्ससमध्ये २०२२ साली आणि ओहायोत २०२३ साली थेट जनमत झालं, दोन्हीकडे गर्भपाताच्या हक्काची बाजू जिंकली. म्हणजे कायदा बदलला तरी मनं बदलतातच असं नाही. ते काम मतपेटी करत नाही, आपल्याला करावं लागतं.

४. पोपनी तरी नाव सांगितलं का?

नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये विमानात पत्रकारांनी पोप फ्रान्सिसना हेच विचारलं. ते म्हणाले, स्थलांतरितांना हाकलणारा असो वा बाळांना मारणारा, दोघेही जीवनाच्या विरोधात आहेत. त्यातलं कमी वाईट निवडावं लागेल. ते कोणतं, हे प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीने ठरवायचं. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये शिकागोत जन्मलेले पोप लिओ यांनीही विचारलं, की गर्भपाताला विरोध पण मृत्युदंडाला होकार, किंवा स्थलांतरितांच्या अमानुष वागणुकीला होकार, याला जीवनाची बाजू म्हणायचं का?

काहींना वाटतं की पोपनी अंग काढून घेतलं. मला तसं वाटत नाही. सदसद्विवेकबुद्धी म्हणजे 'मला वाटेल ते' नव्हे. तिला शिकवण लागते, माहिती लागते, प्रार्थना लागते. आणि एवढं करून शेवटी बटण आपल्यालाच दाबायचं असतं.

मी ताईला काय सांगितलं

नाव नाही सांगितलं. चार प्रश्न पाठवले.

– गर्भातल्या बाळाचं वजन मी खरंच वजन म्हणून धरते आहे, की यादीतला एक मुद्दा म्हणून?
– माझ्या आवडत्या पक्षाची कोणती गोष्ट माझ्या श्रद्धेला टोचते? एकही टोचत नसेल, तर मी शुभवर्तमान वाचते आहे की प्रचारपत्रक?
– ज्याला मत देणार नाही, त्याची कोणती चांगली गोष्ट मी कबूल करेन?
– मतदानाच्या दुसऱ्या दिवशी मी काय करणार आहे?

चौथा प्रश्न लिहिताना मला आमचे हॉस्पिटलचे दिवस आठवले. लेकीची दोन ऑपरेशनं झाली. आमचा तो 'नाही' निभावला कशामुळे? कंपनीचा विमा होता. बायकोला पगारी रजा मिळाली. वाड्यातल्या बायका पाळीने डबा घेऊन यायच्या, फादर रात्री अकराला वॉर्डबाहेर बसून राहायचे. यातलं काहीच नसलेल्या बाईला आपण 'बाळाला जन्म दे' म्हणतो, तेव्हा आपण अर्धंच वाक्य बोलत असतो. उरलेलं अर्धं विमा, रजा, डबा आणि सोबतीचं असतं. आणि ते अर्धं कठीण आहे म्हणून पहिलं अर्धं खोटं ठरत नाही.

आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे आणि त्यावर कुणी निवडणूक लढवत नाही, त्यामुळे हा पेच वसईतल्या मतदाराला पडत नाही. पण एकच मुद्दा पकडून बाकी सगळं माफ करण्याची सवय? ती आपल्याही घरात आहे.

ताईने मत कुणाला दिलं, मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "ज्याला मत दिलं त्याच्या ऑफिसला दुसऱ्याच दिवशी ईमेल टाकली, की तुमची ही एक गोष्ट मला मुळीच मान्य नाही." आणि आता दर शनिवारी ती अडचणीतल्या गरोदर बायकांना दवाखान्यात नेऊन आणते.

आजची प्रार्थना
प्रभू येशू, वजनदार गोष्टीला हलकं म्हणण्यापासून मला वाचव, आणि वजनदार गोष्टीच्या आड लपण्यापासूनही वाचव. कप आधी आतून धुवायला शिकव. आमेन.

आजची कृती
आपल्या आवडत्या नेत्याची श्रद्धेला न पटणारी एक गोष्ट वहीत लिहा. आणि ओळखीतल्या एखाद्या गरोदर किंवा बाळंतीण बाईला विचारा, "आज डबा आणू का?"