अर्थची तार तोडूं नका

विद्यार्थिमित्रहो, मागील वर्षीं एक विद्यार्थी आपल्या आजोबांच्या वेळचा रेडिओ घेऊन प्रयोगशाळेंत आला. आवाज नेमका कोठें बिघडतो हें ऑसिलोस्कोपवर पाहावें, असा त्याचा विचार होता. त्यानें प्रोबचा काळा चिमटा रेडिओच्या चॅसिसला, म्हणजे आंतील पत्र्याच्या सांगाड्याला, लावला मात्र. मोठा आवाज होऊन ठिणगी उडाली व चिमट्याचें टोंक वितळलें. सुदैवानें मुलाला इजा झाली नाहीं. “सर, मीं तर ग्राउंडच जोडला होता, मग चुकलें कोठें?” असें त्यानें विचारलें. प्रश्न मार्मिक होता. त्याचें उत्तर सर्वांस कळावें म्हणून हा लेख.

तीन पिनांच्या प्लगमधील वरची जाड व लांब पिन अर्थची होय. प्लग लावतांना तिचा संबंध सर्वांआधीं जुळावा व काढतांना सर्वांशेवटीं सुटावा, म्हणून ती लांब ठेवलेली असते. घरच्या विजेवर चालणाऱ्या ऑसिलोस्कोपची धातूची पेटी आणि प्रोबच्या काळ्या चिमट्याची तार या दोन्ही सामान्यतः आंतून ह्याच पिनेशीं जोडलेल्या असतात. म्हणून ज्या बिंदूला तुम्ही चिमटा लावाल, तो बिंदु जमिनीलाच जोडला असें समजा.

आतां तो रेडिओ पाहा. ए. सी. व डी. सी. या दोन्ही विजांवर चालावेत म्हणून व्हॉल्व्हचे कांहीं जुने रेडिओ ट्रान्सफॉर्मरवांचून बनवीत. त्यांत विजेची एक तार थेट चॅसिसला जोडलेली असे. दोन पिनांचा प्लग ज्या बाजूनें बसे, त्याप्रमाणें ती तार कधीं न्यूट्रल, तर कधीं फेज होई. त्या दिवशीं ती फेज होती. २३० व्होल्टची वीज चिमट्यावाटे जमिनींत धांवली.

मोटारींतील ध्वनिवर्धकाची गोष्ट थोडी निराळी. ब्रिज पद्धतीच्या यंत्रांत, पुरवठा १२ व्होल्टचा असल्यास, स्पीकरच्या दोन्ही तारांवर सुमारें ६ व्होल्ट असतात. पुरवठ्याची ऋण बाजू अर्थला जोडलेली असून तुम्ही स्पीकरच्या एका तारेला चिमटा लावलात, तर ध्वनिवर्धक जळूं शकतो. अशा वेळीं दोन प्रोब घेऊन एकेक टोंक एकेका तारेला लावावें, चिमटे त्या तारांपासून दूर ठेवावे आणि दोन वाचनांची वजाबाकी करावी.

कित्येकदां उपकरणें एकत्र जोडतांच ५० हर्ट्झची गुणगुण ऐकूं येते. अर्थकडे जाणाऱ्या दोन वाटांचें वेटोळें झाल्यानें ती उद्भवते. मग कोणी ऑसिलोस्कोपची अर्थची पिनच कापून टाकतो! गुणगुण थांबते खरी. परंतु पुढें चिमटा फेजला लागला, तर यंत्राची सर्व पेटी २३० व्होल्टची होते आणि हात लावणारा प्राणास मुकूं शकतो. गुणगुणीवर उपाय हा, कीं सर्व उपकरणें एकाच बोर्डावरून चालवावीं व तारा आंखूड ठेवाव्या.

चॅसिसला वीज असण्याचा संभव असेल, तर तपासावयाचें यंत्र आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर चालवावें, ऑसिलोस्कोप नव्हे. तरीही त्या यंत्राच्या दोन बिंदूंना एकदम स्पर्श करणें घातकच आहे, हें विसरूं नये.

काम आरंभण्यापूर्वीं एवढें अवश्य करा:

१. चिमटा लावण्याआधीं तो बिंदु आणि अर्थ यांमधील दाब व्होल्टमीटरनें, ए. सी. व डी. सी. दोन्ही, मोजा.
२. जोडणी वीज बंद करून व प्लग काढूनच करा. मोठे कपॅसिटर रोधकावाटे रिकामे करा आणि ते रिकामे झाल्याची मीटरनें खात्री करा.
३. स्पीकरऐवजीं ८ ओहमचा रोधक लावल्यास तो पुरेशा शक्तीचा असावा. २० व्होल्टला त्यांत ५० वॅट उष्णता होते.
४. चालू यंत्रांत एकाच हातानें काम करा, आणि एकटे असतांना करूं नका.

पालकांनींही घरचे प्लग एकदां पाहावे. कापलेली पिन आढळल्यास तो प्लग आजच बदलावा. चिमटा वितळला तर नवा मिळतो. हात व प्राण पुन्हां मिळत नाहींत.